झोपा बैल जाण्यापूर्वीच हवा

‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण आपल्या शेतकऱ्याने गोठ्याच्या काट्याकुडाच्या दाराविषयी केली. ती आज राज्यांच्या सीमांना लागू पडावी, हे आपल्या पशुसंवर्धनाच्या कारभाराला भूषणावह नाही. गुरांची साथ आली की बाजार बंद, जत्रांतील जनावरांचे प्रदर्शन बंद, गुरांची ने-आण बंद, असे हुकूम सुटतात. साथ ओसरली की हुकूम कपाटात जातात आणि गुरांनी भरलेल्या गाड्या पूर्वीप्रमाणेच घाट उतरू लागतात. पुढची साथ याच मोकळ्या दिवसांत, याच गाड्यांतून येते, हा साधा कार्यकारणभाव ध्यानी घेतल्याखेरीज आपण किती लशी टोचल्या आणि किती पत्रके काढली, याचा हिशेब व्यर्थ आहे. गुरांच्या वाहतुकीवरील नियंत्रण हा साथीच्या दिवसांतला तातडीचा उपाय नसून बाराही महिने पाळावयाचा नियम झाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लम्पी त्वचारोगाचा अनुभव अजून ताजा आहे. हा रोग प्रथम १९२९ साली आफ्रिकेतील झांबियात नोंदला गेला. नव्वद वर्षांनी, २०१९ मध्ये, तो ओडिशात आढळला. त्या वेळी हानी अल्प होती आणि म्हणूनच असेल, देशाने त्याची दखलही तितपतच घेतली. २०२२ साली मात्र त्याने उग्र रूप धारण केले. उन्हाळ्यात कच्छमध्ये दिसलेला रोग पावसाळ्यात राजस्थानात धुमाकूळ घालू लागला आणि ऑगस्ट महिन्यात जळगाव जिल्ह्यातून त्याने महाराष्ट्रात प्रवेश केला. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने सारे राज्य ‘नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित केले, गुरांचे बाजार बंद केले, आंतरजिल्हा वाहतूक रोखली आणि शेळ्यांच्या देवीची लस कोट्यवधी गुरांना टोचली. इतके करूनही त्या राज्यात वीस हजारांहून अधिक जनावरे दगावली. देशभरातील मृत्यूंचा आकडा दीड लाखावर गेला आणि त्यातील जवळजवळ निम्मी जनावरे एकट्या राजस्थानची होती. २०२३ साली रोग पुन्हा डोके वर काढून गेला. या वेळी कोवळी वासरे त्याची विशेष भक्ष्य ठरली.

या आकड्यांमागे जे संसार आहेत त्यांची कल्पना शहरी वाचकाला सहसा येत नाही. दोन गाई असलेल्या घरातील एक गाय मेली तर त्या घराचे उत्पन्न केवळ अर्धे होत नाही. गाईसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता तसाच राहतो, उरलेल्या गाईचे दूध तापाने आटते, आणि दूध सोसायटीत रोज सकाळी जाणारे भांडे काही महिने घरातच पालथे पडून राहते. जी जनावरे वाचतात त्यांचीही दूध देण्याची आणि गाभण राहण्याची क्षमता खालावते. लाळ्या खुरकुताचेही तसेच आहे. त्याने मोठी गुरे मरतात थोडी, पण खुरांच्या जखमांनी बैल ऐन मशागतीच्या दिवसांत बसून राहतो आणि गाय पुन्हा पूर्वीइतके दूध देईल याची खात्री उरत नाही.

आता हे रोग प्रवास कसा करतात ते पाहू. लम्पीचा विषाणू प्रामुख्याने चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. ‘माशीला नाक्यावर कोण अडवणार?’ असा प्रश्न त्यामुळे उपहासाने विचारला जातो. प्रश्न रास्त वाटला तरी अर्धवट आहे. माशी गोठ्यातून गोठ्यात जाते, फार तर वाड्यातून वाड्यात जाते. ती एका रात्रीत शेकडो किलोमीटर अंतर तोडून सह्याद्री उतरत नाही. तेवढी लांब उडी रोग घेतो तो मालमोटारीत उभ्या केलेल्या जनावराच्या अंगातून. गावात रोग पसरवणारी माशी असते, पण गावाला रोग आणून देणारा माणूसच असतो. लाळ्या खुरकूत तर याहूनही चपळ. बाधित जनावराची लाळ, त्याचा श्वास, त्याच्या शेणाने माखलेला गाडीचा तळ, त्याच्या पुढ्यातून उरलेली वैरण, इतकेच नव्हे तर त्याला हाताळणाऱ्याची पादत्राणे, एवढी सारी वाहने त्या विषाणूला उपलब्ध असतात.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, रोगी जनावर प्रवासाच्या वेळी रोगी दिसतेच असे नाही. लाळ्या खुरकुताची लक्षणे दिसावयास दोन दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत अवधी लागू शकतो, आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच जनावर विषाणू बाहेर टाकू लागते. लम्पीच्या बाबतीत जागतिक पशुआरोग्य संघटनेने हा अवधी अठ्ठावीस दिवसांचा धरला आहे. बाजारात आज तुकतुकीत दिसलेली, भरल्या कासेची गाय उद्या नाक्यावरही तशीच दिसेल आणि आठवड्याने नव्या मालकाच्या गोठ्यात तिच्या अंगावर गाठी उठतील. तोवर शेजारच्या चार जनावरांना लागण होऊन गेलेली असेल. गुरे रेल्वेने वा रस्त्याने नेताना ती प्रवासास योग्य आहेत आणि त्यांना संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्याचा दाखला असावा, हे १९७८ च्या जनावरांच्या वाहतुकीविषयीच्या नियमांतच सांगितले आहे. तो दाखला आवश्यक आहे; पण तो त्या दिवसापुरता आहे. कागद पाहून गाडी सोडणे एवढ्यावर नाक्याचे काम संपत असेल, तर त्या नाक्याने रोगाला अटकाव केला असे कोणी म्हणू नये.

गुरांची ने-आण रोखून साथ आवरण्याची कल्पना नवी नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रोमच्या परिसरात बुळकांडीने थैमान घातले तेव्हा पोपचे वैद्य लान्सिसी यांनी गुरांच्या हालचालीवर कडक निर्बंध आणि बाधित जनावरांची विल्हेवाट हेच उपाय सुचवले होते. विषाणू ही वस्तू तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. १८६५ साली बाल्टिक किनाऱ्यावरून जहाजाने इंग्लंडच्या हल बंदरात उतरलेल्या गुरांबरोबर हीच बुळकांडी त्या देशात शिरली आणि लंडनच्या गुरांच्या बाजारातून साऱ्या देशभर गेली. व्यापारावर घाला पडतो म्हणून निर्बंधांना विरोध झाला, तज्ज्ञांत वाद माजले, आणि अखेर १८६६ मध्ये कायदा करून वाहतूक रोखल्यावर व बाधित गुरे मारल्यावरच साथ आटोक्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीच्या सैन्यासाठी इरिट्रियात आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडी आफ्रिकेत गेली आणि दहा वर्षांत त्या खंडाच्या दक्षिण टोकाला पोहोचली. गुरांवरच ज्यांचे जीवन उभे होते असे कितीतरी समाज त्यात उद्ध्वस्त झाले.

अलीकडचे उदाहरण ब्रिटनचेच आहे. २० फेब्रुवारी २००१ रोजी त्या देशात लाळ्या खुरकूत असल्याचे निश्चित झाले आणि जनावरांच्या वाहतुकीवर बंदी आली ती २३ फेब्रुवारीस. रोग ओळखला जाईपर्यंतच मेंढ्यांच्या बाजारांतून तो पन्नासहून अधिक ठिकाणी जाऊन पोहोचला होता, आणि त्यात या तीन दिवसांची भर पडली. पुढे साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्या अनुभवातून त्या देशाने घेतलेला धडा आमच्या मते सर्वांत बोधप्रद आहे. कोणत्याही शेतावर बाहेरून जनावर आणले की काही दिवसपर्यंत त्या शेतावरील जनावरे अन्यत्र हलवावयाची नाहीत, असा नियम तेथे साथ नसतानाही लागू आहे. इंग्लंडमध्ये गाईगुरांसाठी ही मुदत सहा दिवसांची आहे. म्हणजे तेथे झोपा बैल गोठ्यात असतानाच लावला जातो.

आपल्या देशाची परंपराही या बाबतीत दरिद्री नाही. १८८९ साली पुण्यात जीवाणुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली ती मुख्यत्वे गुरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी. घातक रोगजंतूंवरील काम भर वस्तीत नको म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरला नेण्यात आली. संशोधकांनी स्वतःवर घालून घेतलेले हे विलगीकरणच होते! त्याच संस्थेतून आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लसीकरणाने साथी कमी झाल्या, पण रोग समूळ गेला नाही. गुरांच्या व्यापाराच्या वाटांनी तो पुन्हा पुन्हा डोके वर काढीत राहिला. आंतरराज्य सीमांवरील तपासणी व लसीकरण आणि गावोगावच्या संशयित जनावरांचा चिकाटीने घेतलेला शोध यांची लसीला जोड मिळाल्यावर १९९५ नंतर देशात बुळकांडीचे जनावर आढळले नाही. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त म्हणून मान्यता पावला आणि २०११ मध्ये सारे जग त्या रोगातून मुक्त झाल्याची घोषणा झाली. देवीच्या रोगानंतर मानवाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग. त्या यशात आपल्या खेड्यापाड्यांत पायी फिरलेल्या पशुवैद्यांचा आणि टोचणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

या पार्श्वभूमीवर गोमंतकाची स्थिती काय आहे? २०१९ च्या पशुगणनेनुसार या राज्यात गाईबैलांची संख्या साठ हजारांच्या आसपास आहे. मोठ्या राज्यांच्या मानाने ती अगदी अल्प. एखाद्या जिल्ह्याच्या दोन-तीन तालुक्यांत मावेल इतकी. राज्याची दुधाची गरज येथील उत्पादनातून भागत नाही, म्हणून दूधही शेजारच्या राज्यांतून येते आणि दूध देणाऱ्या गाईही. कामधेनू योजनेखाली अनुदान घेऊन जो तरुण दुग्धव्यवसायात पडतो, तो संकरित गाय घेण्यासाठी मुख्यतः घाटावरच्या बाजारांकडेच वळतो. याचा अर्थ असा की, दुग्धोत्पादन वाढविण्याच्या सरकारी योजनेचे यश जितके अधिक, तितकी बाहेरून येणाऱ्या जनावरांची संख्या अधिक आणि रोगाला मिळणारी संधीही अधिक. योजना बंद करा असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या हाताने अनुदान द्यावयाचे, त्याच हाताने आलेल्या गाईला अठ्ठावीस दिवस वेगळी ठेवण्याची सोयही करून दिली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

भूगोल मात्र आपल्याला अनुकूल आहे. पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस सह्याद्री असलेल्या या राज्यात जनावरांची गाडी शिरू शकेल अशा मोठ्या वाटा हाताच्या बोटांवर मोजता येतात. उत्तरेस पत्रादेवी आणि दोडामार्ग, चोर्ला घाट उतरून केरी, अनमोड घाट उतरून मोले, आणि दक्षिणेस कारवारच्या बाजूने पोळे. ज्या राज्याला शेकडो मैलांची उघडी सीमा सांभाळावी लागते त्याच्या अडचणी आपल्याला नाहीत. तरीही घाटावर रोग दिसला की महिन्या-दोन महिन्यांत आपल्याकडेही भीतीची लाट येते, याचे कारण भूगोलात नसून व्यवस्थेत शोधले पाहिजे.

घाटावरची परिस्थितीही ध्यानात घ्यावयास हवी. दरवर्षी पावसाळा सरला की मराठवाड्यातून ऊसतोडणीचे मजूर कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव भागातील कारखान्यांकडे निघतात. त्यांतील पुष्कळांसोबत बैलजोड्या असतात. ठिकठिकाणची ही जनावरे एका फडात, एका पाणवठ्यावर महिनोन् महिने राहतात. त्याच सुमारास गुरांचे बाजार भरात येतात, आणि त्याच बाजारांतून आपल्याकडे गाई येतात. या हालचालीचे वेळापत्रक दरसाल तेच असते. मग बंदोबस्ताचे वेळापत्रकही आधीच ठरलेले का नसावे? बेळगाव, उत्तर कन्नड, कोल्हापूर व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील पशुवैद्यक अधिकारी आणि गोव्याचे पशुसंवर्धन खाते यांनी दर महिन्याला रोगाच्या वार्तेची देवघेव करावी, संशयित जनावर आढळल्याची खबर त्याच दिवशी सीमेपलीकडे जावी, अशी पद्धत बसली पाहिजे. बेळगावच्या प्रश्नावर राज्याराज्यांत कितीही मतभेद असोत, विषाणूला सीमावाद ठाऊक नाही.

कायद्याची उणीव आहे असेही नाही. जनावरांतील सांसर्गिक व संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा २००९ चा केंद्रीय कायदा साऱ्या देशास लागू आहे. रोगाची खबर देण्याचे कर्तव्य त्याने मालकावर टाकले आहे. क्षेत्र नियंत्रित घोषित करणे, तेथील जनावरांची ने-आण रोखणे, बाजार व जत्रांवर निर्बंध घालणे, लसीकरण सक्तीचे करून त्याची खूण व दाखला देणे, जनावरांची वाहने धुऊन निर्जंतुक करविणे आणि तपासणी नाके व विलगीकरण छावण्या उभारणे, हे सारे अधिकार त्या कायद्यात आहेत. ‘विलगीकरण छावणी’ हे शब्दच कायद्यात असल्यावर त्या कोठे आहेत, किती जनावरांच्या आहेत आणि तेथे पशुवैद्य कोण आहे, हे विचारण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे.

आमच्या मते काही गोष्टी ताबडतोब करण्याजोग्या आहेत. राज्यात येणाऱ्या प्रत्येक दुभत्या वा शेतकामाच्या जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असलाच पाहिजे आणि त्या क्रमांकावर लसीकरणाची नोंद असली पाहिजे. लस टोचल्यापासून प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून नाक्यावर टोचलेली लस ही समजूत घालण्यापुरती लस होय. टोचणी खरेदीच्या ठिकाणी, प्रवासापूर्वी व्हावी आणि मगच गाय हलवावी. राज्यात आल्यावर ती थेट मालकाच्या गोठ्यात न जाता सीमेजवळच्या छावणीत किंवा, मालकाला शक्य असेल तर, त्याच्याच आवारातील पण इतर गुरांपासून दूर अशा स्वतंत्र गोठ्यात पशुवैद्याच्या देखरेखीखाली राहावी. छावणीत माश्या व गोचिडांचा बंदोबस्त अर्थातच काटेकोर हवा, अन्यथा छावणीच रोगाचे आगर होईल. रिकामी परत जाणारी मालमोटार धुतल्याखेरीज सोडू नये. विलगीकरणाचा दाखला मिळाल्यानंतरच अनुदानाचा अंतिम हप्ता द्यावा म्हणजे नियम पाळण्यात शेतकऱ्याचाही स्वार्थ राहील.

यावर काही आक्षेप येणार आणि त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. पहिला आक्षेप खर्चाचा. अठ्ठावीस दिवस गाईच्या वैरणीचा खर्च कोणी सोसावा? ज्या शेतकऱ्याने कर्ज काढून गाय घेतली त्याचा पहिला हप्ता महिन्यावर आलेला असतो. त्याच्यावर हा भार टाकला तर तो आडवाटेने गाय आणील, आणि नियमच रोगाचा साथीदार बनेल. म्हणून छावणीतील चाऱ्याचा खर्च सरकारने उचलावा, त्या काळातील दुधाची विल्हेवाट पशुवैद्याच्या सल्ल्याने लावावी, आणि हप्त्याची मुदत महिनाभर पुढे न्यावी. साठ हजार गुरांच्या राज्यात दरसाल बाहेरून येणाऱ्या जनावरांसाठी हा खर्च डोईजड होणार नाही. एका साथीत दूध, लस, औषध आणि भरपाई यांवर जाणारा पैसा याच्या कितीतरी पट होईल.

दुसरा आक्षेप असा की, लस असताना एवढा खटाटोप कशाला? लस हवीच. लाळ्या खुरकूत २०३० पर्यंत देशातून हद्दपार करण्याचे उद्दिष्ट ठेवून २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम लसीवरच उभा आहे. परंतु कोणतीही लस शंभरांतील शंभर जनावरांना सारखेच संरक्षण देत नाही, कोणत्याही मोहिमेत काही गोठे सुटतातच, आणि वासरे तर लसीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात जन्मतात. लस ही ढाल आहे. पण शत्रूला दार उघडून आत घ्यावयाचे आणि मग ढालीची परीक्षा पाहावयाची, हे शहाणपणाचे नव्हे.

तिसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा, आणि तो अगदीच निराधार नाही. सरसकट बंदीने गुरांच्या बाजारावर पोट असलेली माणसे, हमाल, गाडीवान, वैरणविक्रेते, एका दिवसात बेकार होतात. आमच्या सूचनेचा रोख नेमका अशी बंदी टाळण्याकडे आहे. बाराही महिने थोडी शिस्त पाळली तर चार महिने सारे ठप्प करण्याची वेळ येणार नाही. नियमित नियंत्रण हे व्यापाराचे शत्रू नव्हे. अनियमित बंदी हीच व्यापाराची खरी शत्रू आहे.

या प्रश्नाला गोमंतकात आणखी एक पदर आहे आणि त्याविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. सीमेवर गुरांची गाडी अडली की आपल्याकडे चर्चा सुरू होते ती जनावर कोठे चालले होते याची. गोशाळेकडे की कत्तलखान्याकडे. त्या वादातील कायदेशीर व नैतिक प्रश्न आपापल्या जागी आहेत, त्यांची चर्चा अन्यत्र होऊ शकते. परंतु त्या गदारोळात गाडीतील जनावरांना ताप होता की नाही, लस टोचली होती की नाही, गाडी मागच्या फेरीनंतर धुतली होती की नाही, हे कोणी विचारीत नाही. विषाणू जनावराच्या मुक्कामाचा पत्ता विचारीत नाही. भूतदयेने सोडवून आणलेल्या गाईंनीही गोशाळेत रोग नेऊ शकतो, आणि तेथे शेकडो अशक्त जनावरे एकत्र असल्याने हानी अधिक होते. जप्त केलेल्या गुरांनाही इतरांप्रमाणेच विलगीकरणाचा नियम लागू असावा. गाईविषयीचा जिव्हाळा आणि गाईच्या आरोग्याचे शास्त्र यांत विरोध नाही. दुसऱ्यावाचून पहिला पांगळा आहे एवढेच.

सीमा सांभाळून गावातील शिस्त मात्र ढिली ठेवली तर उपयोग नाही. सुगी झाली की गुरे मोकळी सोडण्याची आपली जुनी रीत. गोठणावर जमणारी गुरे एका गावची असत आणि त्यांना राखणारा असे, तेव्हा ती रीत चालून गेली. आज हमरस्त्यांवर रात्री बसणाऱ्या मोकाट गुरांना ना मालक विचारतो ना पंचायत. अपघातांची चर्चा होते, पण हीच गुरे रोगाची वाटाडी होऊ शकतात हे ध्यानात येत नाही. ज्या गावात आजारी जनावर बांधून ठेवण्याची तयारी नाही, त्या गावात नियंत्रित क्षेत्राची अधिसूचना फळ्यावर लावण्यापुरतीच राहते. उच्च न्यायालयाने बंदी घातलेल्या धिर्यो चोरून भरविल्या जातात तेथेही वेगवेगळ्या तालुक्यांतील बैल नाकाला नाक लावून उभे राहतात. त्यात कायद्याचा भंग आहे, क्रौर्य आहे, आणि रोगप्रसाराचा धोकाही आहे.

सर्वांत नाजूक गोष्ट खबर देण्याची. गाईच्या अंगावर पहिली गाठ दिसली की शेतकऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, पशुवैद्याला कळविणे. दुसरी, गुपचूप राहणे किंवा जनावर मिळेल त्या भावात विकून मोकळे होणे. पहिली वाट धरल्यास त्याच्या वाट्याला दूध सोसायटीची नाराजी, शेजाऱ्यांचा बहिष्कार आणि विक्रीबंदी येणार असेल, तर तो दुसरी वाट धरील, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही. लम्पी माणसाला होत नाही आणि उकळलेल्या दुधापासून धोका नाही, हे २०२२ साली वारंवार सांगूनही अफवांनी दूधविक्रीला फटका दिलाच. महाराष्ट्राने तेव्हा मृत दुभत्या गाईसाठी तीस हजार, ओढकामाच्या बैलासाठी पंचवीस हजार आणि वासरासाठी सोळा हजार रुपये अशी मदत ठरविली. संकरित गाईच्या बाजारभावाच्या मानाने ती अपुरी होती, तरी तत्त्व योग्य होते. गोव्यानेही भरपाईचे दर, ती मिळण्याची मुदत आणि अधिकारी हे सारे साथ नसतानाच ठरवून जाहीर केलेले असावे. प्रथम खबर देणाऱ्या गोठ्याला भरपाई प्रथम मिळावी. भीतीने लपलेली एक गाय दहा नाके निष्फळ करते, हे प्रशासनाने विसरू नये.

आपल्या समाजात गाईला जे स्थान आहे ते सांगण्याची आवश्यकता नाही. दिवाळीच्या पाडव्याला गोमंतकातील घरोघरी गुरांना न्हाऊ घालतात, त्यांच्या गळ्यात फुलांच्या माळा घालतात, पोळे भरवतात. ही परंपरा सुंदर आहे आणि ती टिकावी. परंतु वर्षातला एक दिवस ओवाळलेली गाय उरलेले दिवस कोणत्या गुरांशेजारी उभी राहते, बाहेरून आलेल्या नव्या जनावराला आपण किती दिवस वेगळे बांधतो, आणि तिच्या कानातला बिल्ला व लसीची तारीख आपल्याला ठाऊक आहे काय, या प्रश्नांची उत्तरे त्या पूजेइतकीच महत्त्वाची आहेत. पूर्वीचा जाणता शेतकरीही नवे जनावर पहिल्याच दिवशी आपल्या गुरांच्या दाव्याला बांधीत नसे. शास्त्राने त्या सावधपणाला दिवसांचे माप दिले आहे, इतकेच.

पाऊस थांबला की खरेदीचा हंगाम सुरू होतो. पशुसंवर्धन खात्याने त्यापूर्वी पाचही वाटांवरील नाक्यांसाठी पशुवैद्य नेमावेत, निदान मोले व केरी या दोन घाटवाटांच्या पायथ्याशी विलगीकरणाच्या छावण्या उभाराव्यात, आणि भरपाईचे दर जाहीर करावेत. विधानसभेतील सदस्यांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, या तीन गोष्टींचा पाठपुरावा करावा. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, पेडणे आणि काणकोण येथील शेकडो लहान गोठ्यांतील दुधाचे भांडे त्यावर अवलंबून आहे. ज्या वर्षी साथ येणार नाही त्या वर्षी हा खर्च वाया गेला, असे म्हणणारे निघतील. त्यांना एवढेच सांगावे की, साथ आली नाही, हेच त्या खर्चाचे फळ.